बघूरावाच्या पासपोर्टाची मुदत

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, शेवटची तारीख पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मग समोरच्या माणसाकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्याने कालचा शिळा डबा पुढे केलाय.

"हा तर संपत आलाय," ती म्हणाली.

"हो," बघूराव म्हणाला.

"तीन आठवडेसुद्धा उरले नाहीत."

"हो."

"आणि तुमचं परतीचं तिकीट त्याच्याही नंतरचं आहे. मग परत कसे येणार?"

"बघू," बघूराव म्हणाला.

त्याला बघूराव म्हणत ते याच्यामुळेच. खरं नाव पासपोर्टावर होतं, पण ते वाचायची वेळ असल्या काउंटरांवरच यायची. परदेशात लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो नऊ-साडेनऊ वर्षं मेकॅनिक होता. तिथे त्याची भाषा बोलणारे चौघे-पाच जण होते, त्यांनी पहिल्याच महिन्यात हे नाव ठेवून टाकलं. पत्ते खेळायला ये रे, बघू. माझ्या खोलीचा रंग काढायला येतोस का, बघू. रविवारची जादा पाळी करशील का, बघू. मनातून त्याला यातलं काहीएक करायचं नसायचं. पण नाही म्हणता येत नसे, मग शेवटी गडी जायचाच. रविवारची जादा पाळी त्याने साडेनऊ वर्षं केली.

यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. घराणंच तसं. त्यांच्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धतच नव्हती. नको असलेली गोष्ट आली की बघू म्हणायचं, आणि तिची तारीख आपोआप उलटेपर्यंत शांत बसायचं. घोंगडं भिजत ठेवण्यात त्या घराण्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. नावडती भाजी ते टाकून देत नसत. ती फ्रिजमध्ये मागे मागे सरकवत, आणि एके दिवशी ती आपली आपणच निवृत्त होई. वडिलांना सोसायटीचं अध्यक्ष व्हायचं नव्हतं, तर त्यांनी अर्ज आणला, भरला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि शेवटचा दिवस गेल्यावर दिवसभर चुकचुकत हिंडले. आत्याला एक स्थळ आलं होतं, ते घरात कुणालाच पसंत पडलं नाही. आजोबा म्हणाले, "बघू, कळवतो." तो नवरामुलगा आता स्वतः आजोबा झालाय. त्याला अजून कळवायचंय.

या पद्धतीने एकदाच दगा दिला, तो दाजींमुळे. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. बाहेरून आलेला माणूस, त्यांना घरची रीत काय ठाऊक. हाती घेतलं की तडीस नेणार, आणि हाती काय घ्यायचं ते विचारून घेण्याची त्यांना गरज वाटत नसे. परदेशात लिफ्टची माणसं हवीत ही बातमी त्यांनीच आणली. वडील म्हणाले बघू. आई म्हणाली बघू. बघूरावाची बायको तेव्हा पोटुशी होती, ती काहीच म्हणाली नाही, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. बघूरावही बघूच म्हणाला. घरातल्या झाडून सगळ्यांच्या मनात एकच, की पासपोर्ट निघायलाच दोन-तीन महिने लागतील, तोवर कंपनीची तारीख टळेल आणि विषय मिटेल. दाजींनी पासपोर्ट आठवड्यात आणून हातावर ठेवला. मग काय करता, गेला.

जाणं दोन वर्षांचं होतं. दोन वर्षांनी कंपनीने विचारलं, पुढे वाढवायचं का? तो काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

आणि बघूरावाला घरी राहायचं होतं. साधी गोष्ट होती, फार मोठं काही मागणं नव्हतं. त्याला स्वतःच्या घरात राहायचं होतं, बायकोच्या जवळ, लेकीच्या जवळ. लेक तो गेल्यावर चार महिन्यांनी झाली. तिच्या वाट्याला बाप यायचा तो सुट्टीपुरता, आणि सुट्टी दोन वर्षांनी एकदा. गेल्या खेपेला तो आंघोळीला निघाला तर ती धावत आली, हातात कपाटातला घडीचा जाडजूड टॉवेल, आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी पाहुण्यांचा काढलाय." पोरीने मोठ्या प्रेमाने दिला होता. बघूरावाने तो घेतला, आत जाऊन कडी लावली आणि नळ सोडून बराच वेळ नुसता बसून राहिला. त्याला रडू आलं होतं. टॉवेल चांगला होता, पण त्याने पाणी टिपलं जात नव्हतं, कारण तो कधी कुणी वापरलेलाच नव्हता.

त्या खेपेला परतताना विमानात त्याने पासपोर्ट सहज चाळला आणि त्याला शेवटची तारीख दिसली. तेव्हा त्याला घरची आठवण झाली, म्हणजे घरच्या फ्रिजची. ही गोष्ट मागे मागे सरकवण्यासारखी होती. कुणाला काही सांगायला नको, कुणाला दुखवायला नको. सुट्टीवर घरी जायचं, पासपोर्टाला त्याच्या मौतीने मरू द्यायचं, आणि मग हळहळायचं. पासपोर्टच नाही म्हटल्यावर माणूस जाणार कसा? इतकी बिनबोभाट युक्ती त्या घराण्यातही आजवर कुणाला सुचली नव्हती.

कंपनीत कागदपत्रं सांभाळणारा कारकून त्याला तीनदा बोलला, "नवा करून घे." तीनदा बघूरावाने मान हलवली. तर आता सगळं जुळून आलं होतं आणि ही काउंटरवरची मुलगी फोन उचलून वरिष्ठांना बोलावत होती.

वरिष्ठ आले. त्यांनी पासपोर्ट हातात घेऊन विचारलं, "कुठे चाललाय हा?"

"स्वतःच्याच देशात," मुलगी म्हणाली.

"मग जाऊ दे की. घरी जायला कुणाची ना नसते." त्यांनी पासपोर्ट बघूरावाला परत दिला. "पण गेल्या गेल्या नवा करून घ्या हं. आपल्याच हिताचं सांगतो."

बघूरावाचा जीव भांड्यात पडला. पुढे शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी तेच सांगितलं, उतरल्यावर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यानेही तेच. एवढ्या लोकांना आपली काळजी आहे हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

बाहेर दाजी गाडी घेऊन उभे होते. त्यांनी आधी सामान घेतलं आणि मग हात पुढे केला. "पासपोर्ट दे बघू. तारीख कधीची आहे?"

"आहे अजून, दाजी."

"अजून म्हणजे?" दाजींनी पासपोर्ट उघडला आणि गाडीच्या टपावर थाप मारली. "अरे, हा तर सुट्टीतच संपतोय. तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही," बघूराव म्हणाला. तो खोटं बोलला, पण निदान तेवढं तरी बोलला.

"काही काळजी करू नकोस. पासपोर्ट कचेरीत आपली ओळख आहे."

बघूरावाने मागच्या सीटवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. दाजींना वाटलं प्रवासाचा शीण असेल.

घरी सगळं मागच्यासारखंच होतं. बॅग पलंगाच्या पायथ्याशी उघडून ठेवली गेली आणि तशीच राहिली. तिच्यातले कपडे कपाटात लावायचे नाहीत, परत भरायचा त्रास नको, असा जणू ठरावच होता. कपाटात त्याच्या नावाचा कप्पा नव्हता. एक कप्पा मात्र त्याच्यासाठी राखलेला असायचा, तो स्वयंपाकघरात. बायको दोन वर्षांत जे जे बिघडे ते तिथे ठेवून द्यायची. या खेपेला मिक्सर, एक इस्त्री, दोन कुलपं आणि लेकीचं टेबलावरचं घड्याळ होतं. बघूरावाने दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत सगळं उरकलं. त्याच्या हाताखालून बिघडलेली वस्तू कधी बिघडलेलीच बाहेर पडली नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बायकोला जास्तच. टॉवेल पाहुण्यांचाच होता. कपही पाहुण्यांचाच, काठाला सोनेरी रेघ असलेला.

मग सगळ्यांनी मिळून त्याचा पासपोर्ट हाती घेतला. आईने त्याचे जुने दाखले शोधून काढले. वडिलांनी ते तारखेप्रमाणे लावले. ताईने फोटोसाठी शर्ट आणला, फिकट रंगाचा फोटोत चांगला दिसत नाही म्हणून गडद. बघूरावाने फोटोत दोनदा डोळे मिटले, तर फोटोवाल्याने तिसरा काढला आणि वर म्हणाला, "घाई नाही आपल्याला, साहेब." दाजींनी कचेरीतली वेळ मिळवली आणि परस्पर कंपनीलाही फोन लावला. तिथला फोरमन म्हणाला, "सावकाश येऊ द्या हो. महिनाभर उशीर झाला तरी चालेल, त्याची जागा कुठे जात नाही. माणूस सोन्यासारखा आहे, कधी कशाला नाही म्हणत नाही."

दाजींनी हे सगळ्यांना ऐकवलं. वडील म्हणाले, "वा." आई म्हणाली, "नशीब लागतं." बायको लेकीची वेणी घालत होती. तिने रिबिनीची गाठ एवढी आवळली की पोरगी कळवळली.

बघूराव मनात म्हणाला, यांच्यापैकी एकाने तरी राहा म्हणावं. एकदाच. दुसऱ्या कशाचीही गरज नाही. पण ते म्हणणार कसे? त्यांना वाटत होतं याला जायचंय, आणि जाणाऱ्याला अडवणं त्या घरात बसत नव्हतं. उलट याची काळजी मिटावी म्हणून सगळे घाम गाळत होते. माणसं वाईट असती तर एव्हाना भांडण करून मोकळा झालो असतो, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

पासपोर्ट कचेरी चौथ्या मजल्यावर होती. ठरलेल्या दिवशी दाजी, बघूराव आणि बायको असे तिघे निघाले. बायकोची सही लागेल असं दाजींना कुणीतरी सांगितलं होतं. लिफ्ट खालच्या मजल्यावर उंबऱ्याच्या बोटभर वर थांबली होती. बघूरावाच्या ते लगेच लक्षात आलं. ब्रेक घासलाय, तो मनात म्हणाला आणि आत शिरला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्टने एक हिसका दिला आणि थांबली. दिवा चालू, पंखा चालू, दाजी चालू, फक्त लिफ्ट बंद.

"झालं," दाजी म्हणाले. "आणि खिडकी बाराला बंद होते. आता काय?"

बघूरावाने सवयीने खाली पाहिलं. दार ज्या खाचेतून सरकतं तिच्यात एक वाकलेली यू-पिन अडकली होती, कागद टाचायची, कचेरीत पडतात तसली. तिचं एक टोक आतल्या बाजूला डोकावत होतं. चालता चालता दार हलून तिच्यावर चढलं होतं आणि केसभर उघडलं होतं, आणि दार पुरतं लागलं नाही की लिफ्ट चालत नाही. माणसाच्या जिवासाठीच ती सोय असते. पिन उपसायची, दाराला तळहाताने दाबायचं, की लिफ्ट निघते. असल्या कामाला जाताना बघूराव हत्यारांची पेटीही बरोबर नेत नसे.

त्याने उजवा पाय उचलला आणि बुटाचं टोक अलगद त्या पिनेवर ठेवलं.

"अरे, तू तर यातलाच," दाजींना एकदम आठवलं. "कर की काहीतरी."

"आमच्याकडची मॉडेलं वेगळी असतात, दाजी."

"लिफ्ट ती लिफ्ट. वर जाते, खाली येते. त्यात वेगळं काय असतं?"

"बघू," बघूराव म्हणाला, आणि छताकडे बघू लागला. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

दाजींनी घंटा दाबली, दार बडवलं, फटीतून हाका मारल्या. खालून रखवालदाराने ओरडून सांगितलं, मेकॅनिकला फोन केलाय, निघालाय तो. मेकॅनिक आत उभा होता. दाजी पुन्हा घड्याळ बघायला लागले. बघूराव अगदी स्थिर उभा होता. इतकी वर्षं लोकांनी त्याला अडकलेल्या लिफ्टवर बोलावलं होतं आणि तो धावत गेला होता. आत अडकलेल्या माणसाला कसं वाटतं हे आज पहिल्यांदाच कळत होतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

बायको कोपऱ्यात उभी होती. आधी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, मग तिची नजर हळूहळू खाली आली आणि त्याच्या बुटावर थांबली. तिथेच राहिली.

मेकॅनिक आला तेव्हा बारा वाजून गेले होते. तरणा पोरगा होता. त्याने वरून लिफ्ट हाताने सरकवून तिसऱ्या मजल्याला लावली आणि दार उघडलं. दाजी बाहेर पडले ते थेट जिन्याने चौथ्या मजल्याकडे धावले. पोरगा वाकला, खाचेत बघू लागला, आणि बघूरावाला म्हणाला, "जरा पाय काढता का?"

बघूरावाने पाय काढला. पोराने पिन उपसून हातावर घेतली. "एवढ्यासाठी बघा. वर्षातनं दहादा होतं." त्याने ती खिशात टाकली. बायको अजून लिफ्टमध्येच उभी होती. तिने बघूरावाकडे पाहिलं आणि बाहेर आली.

दाजी वरून हसत उतरले. खिडकी बंद झाली होती, पण लिफ्ट कचेरीची, चूक कचेरीची, तेव्हा साहेबांनी स्वतः सांगितलं होतं की उद्या पहिला नंबर तुमचा. "बघितलंस?" दाजी म्हणाले. "ओळख असली की अशी कामं होतात. उद्या मला वेळ नाही, पण आता माझी गरजही नाही. तुम्ही दोघं जा."

बघूरावाने त्यांचे आभार मानले.

त्या संध्याकाळी बायको त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती, त्यानेच दुरुस्त केलेल्या इस्त्रीने. तो दोनदा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. कॉलर बरी झाली."

दुसऱ्यांदाही असंच झालं, फक्त या वेळी बाहीवर.

दुसऱ्या दिवशी लिफ्ट चालू होती आणि रिकामी होती. बायको तिच्यापुढे थांबली नाही. "आज जिन्याने जाऊ," ती म्हणाली, आणि पदर खोचून चढायलाही लागली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती दम घ्यायला थांबली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "इथल्याही लिफ्ट बंद पडतात."

"पडतात," बघूराव म्हणाला. मग दोघं चौथा मजला चढली.

खिडकीवरच्या बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून काम करत होत्या. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित आहे. फार नीट लावलंय कुणीतरी." वडिलांचं काम होतं ते. "मुदतीच्या आत आलात हे बरं केलंत."

बघूरावाला शेवटची आशा दिसली. "नाही म्हणजे," तो म्हणाला, "मुदत संपली असती, तर मग काही करता आलं नसतं ना?"

"का नाही?" बाई म्हणाल्या. "संपल्यावरही येतात की लोक. सहा महिन्यांनी येतात, वर्षाने येतात. आम्ही देतो नवा करून. पासपोर्टाची मुदत संपते हो, नवा काढायची कुठे संपते?"

बघूरावाच्या पायाखालची जमीन सरकली. दोन वर्षं त्याने हे मनात जपून आणलं होतं, विमानातून आणलं होतं, लिफ्टमध्ये बुटाखाली धरून ठेवलं होतं. आणि यात उलटून जाणारी तारीखच नव्हती. आज नाही तर पुढच्या महिन्यात दाजी त्याला इथे आणणार, या बाई चष्मा सावरणार, फोरमन त्याची जागा राखणार. फ्रिजमध्ये मागे सरकवायचं म्हटलं तर ही वस्तू नासणारी नव्हती.

"मग?" बाईंनी शिक्का उचलला. "करायचाय ना?"

त्याने तोंड उघडलं.  पण बाहेर पडला तो घराण्याचाच शब्द.

"बघू."

"इथे बघू लिहायला जागा नाही," बाई म्हणाल्या. "मागे रांग आहे. हो की नाही, ते सांगा."

"नको," बायको म्हणाली.

ती हळू बोलली नव्हती आणि मोठ्यानेही नाही. मीठ हवं का विचारल्यावर माणूस म्हणतो तशी म्हणाली. बघूरावाने वळून तिच्याकडे पाहिलं. तिची मान ताठ होती आणि दोन्ही हातांनी तिने खिडकीची कड धरली होती.

"अर्ज कुणाचा आहे?" बाईंनी विचारलं.

"यांचा."

"मग यांनी सांगायला हवं."

सगळे बघूरावाकडे बघू लागले, रांगेतले पहिले दोघंही.  वडील, आजोबा, पेपरवेट, आत्याचं स्थळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"नाही," बघूराव म्हणाला. पहिलीच वेळ होती, त्यामुळे आवाजाचा अंदाज चुकला. कोपऱ्यातला रखवालदार खुर्चीतून उठला. "नाही करायचा," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"कारण?"

"घरी राहायचंय मला. हिच्याजवळ. आणि लेक आहे."

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी कागदावर खाली पाहिलं. "असा रकाना नाही," त्या म्हणाल्या. "मी वैयक्तिक लिहिते." आणि त्यांनी अर्जावर रद्दचा शिक्का मारला.

दोघं जिन्याने उतरू लागली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बघूराव पायरीवरच बसला. बायको शेजारी बसली. एवढ्यात फोन वाजला. दाजी.

"झालं का रे?"

"नाही."

"म्हणजे? आता कशाला अडवलं त्यांनी? थांब, मी उद्या स्वतः..."

"नाही, दाजी. मला जायचं नाही."

 मग दाजींनी काळजीने विचारलं, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," बघूराव म्हणाला आणि त्याने फोन खिशात ठेवला. शर्ट पाठीला चिकटला होता. जिन्यातून दोन माणसं वर गेली, त्यांना वाट द्यायला दोघं भिंतीकडे सरकली.

"काल बूट बघितलास, तेव्हा ठरवलंस का?" त्याने विचारलं.

"काय?"

"नको म्हणायचं."

"नाही," ती म्हणाली. "बूट बघून एवढंच कळलं, की तुम्हालाही तेच हवंय." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "ते ‘नको’ आजचं नाही. पहिल्यांदा निघालात ना तुम्ही, दाजींची गाडी खाली उभी होती, आणि मी वर खिडकीत. तेव्हा अगदी ओठावर होतं. पण मला वाटलं, तुम्ही हौसेने चाललाय."

"मी?"

"हो. मग दर सुट्टीला तुम्ही बॅग उचललीत की तोंडात यायचं. आणि मी ते गिळायचे."

 बघूराव तिच्या बोटाकडे बघत होता. पदर गुंडाळून गुंडाळून त्या बोटाच्या पेरावर एक वळ पडला होता, जुना असावा. एवढ्या सुट्ट्यांत त्याने इस्त्र्या बघितल्या, कुलपं बघितली, हे कधी बघितलं नव्हतं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि पदर हळूहळू सोडवला.

खालून कुणीतरी लिफ्टची घंटा दाबत होतं. तो उठला नाही.

जरा वेळाने तीच उठली. तिने साडी झटकली आणि डोळे पुसले. "चला," ती म्हणाली. "पोर शाळेतून येईल. आणि वाटेत तुम्हाला टॉवेल घ्यायचाय, रोजचा."

"तो आहे तो?"

"तो धुऊन ठेवते. पाहुणे येतात कधी कधी." ती दोन पायऱ्या उतरली आणि मागे वळून म्हणाली, "पण जाड नको. लवकर वाळत नाही."